तारीख सांगायची तर पाळता येईल अशी सांगा

भारतात घरी फोन केला की अलीकडे डिलिव्हरीचा विषय निघतोच. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या मुलांच्या जिवाची काळजी कुणी घ्यायची? 'फक्त दोन नग शिल्लक' असं सांगून ग्राहकाला घाईत पाडणं चालू द्यायचं का? हे वाद मला महत्त्वाचे वाटतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीतून ग्राहकाला चकवण्याचे, १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई हा त्यातलाच एक. जर्मनीत बसून या घडामोडी वाचताना बरं वाटतं. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न येत नाही, आणि तो माझ्यासारख्या लाखो लोकांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. भारतातला विक्रेता परदेशातल्या ग्राहकाला वस्तू पोहोचण्याची जी तारीख दाखवतो, ती कुठून येते आणि तिची जबाबदारी कुणाची?

मी इथून मराठी पुस्तकं मागवते, दिवाळी अंक मागवते, कधी हातमागाची साडी. स्क्रीनवर लिहिलेलं असतं, 'जर्मनी : ७ ते १० दिवस'. पार्सल महिन्याने, कधी दीड महिन्याने येतं. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. परदेशात राहणाऱ्याला थांबायची सवय असते, आणि दोन देशांच्या सीमा ओलांडून एक पुस्तक माझ्या दारात येतं याचं मला आजही अप्रूप आहे. माझी तक्रार त्या '७ ते १०'बद्दल आहे. त्या आकड्याच्या भरवशावर कुणी भाचीच्या लग्नाची साडी मागवतं, कुणी आईसाठी वाढदिवसाची भेट मागवतं, कुणी शाळेच्या कार्यक्रमासाठी लेझीम मागवतं. खरी मुदत माहीत असती, तर त्यांनी आधी मागवलं असतं किंवा मागवलंच नसतं.

हा आकडा तयार कसा होतो ते पाहा. बहुतेक ऑनलाइन बाजारांवर विक्रेत्याला दोन गोष्टी भरायच्या असतात : वस्तू बांधून रवाना करायला किती दिवस, आणि रवाना झाल्यावर प्रवासाला किती दिवस. दोन्हींची बेरीज करून ग्राहकाला तारीख दिसते. प्रवासाचे दिवस अनेकदा विक्रेता यादीतून निवडतो, आणि यादीतला छोटा पर्याय निवडायचा मोह होतो. मग त्यात कामाचे दिवस आणि एकूण दिवस यांची गल्लत होते. महागड्या एक्स्प्रेस कुरिअरची मुदत दाखवून पार्सल स्वस्त टपालाने धाडलं जातं. रवाना झाल्याचा संदेश तर लेबल छापलं की लगेच येतो. 'आयएन'ने संपणारा १३ अक्षर-आकड्यांचा ट्रॅकिंग नंबर मिळतो, ग्राहक निश्चिंत होतो, आणि पार्सल अजून विक्रेत्याच्या टेबलावरच असतं. टपाल खात्याच्या स्कॅनची पहिली नोंद कितीतरी दिवसांनी उमटते.

आणि या बेरजेत सीमाशुल्क कार्यालय कुठेच नसतं. खरा वेळ तर तिथेच जातो.

टपालाने निघालेलं पार्सल आधी आपल्याकडच्या परदेशी टपाल कार्यालयात जातं. मुंबईत ते बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. तिथे निर्यातीची कागदपत्रं तपासली जातात. मग विमानात जागा मिळायची वाट. टपालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा टपालही थांबलं, तेव्हा हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. पार्सल फ्रँकफर्टला उतरलं की इथला सीमाशुल्क विभाग. १ जुलै २०२१ पर्यंत २२ युरोपर्यंतच्या मालाला आयात व्हॅट नव्हता. त्या दिवसापासून ती सवलत गेली आणि युरोपियन युनियनबाहेरून विक्रीसाठी येणारा प्रत्येक नग कराच्या कक्षेत आला. जर्मनीत साधारण वस्तूंवर १९ टक्के, पुस्तकांवर ७ टक्के. १५० युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस नावाची सोय आहे. विक्रेता किंवा बाजार तिच्यात नोंदलेला असेल तर कर खरेदीच्या वेळीच घेतला जातो आणि पार्सल सीमेवर फारसं अडत नाही. नसेल तर कर दारात किंवा टपाल कार्यालयात भरायचा, त्यावर वाहतूक कंपनीचं शुल्क वेगळं, आणि दिवस जातात ते आणखी वेगळे.

त्यातच मार्च २०२३ पासून विमानाने येणाऱ्या टपालाचीही माहिती विमानात चढण्याआधी इलेक्ट्रॉनिक रूपात युरोपला पाठवावी लागते. पार्सलमध्ये काय आहे हे नेमकं लिहावं लागतं, सोबत सहा अंकी एचएस कोड, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा सीमाशुल्काचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. फॉर्मवर नुसतं 'हँडिक्राफ्ट आयटम' किंवा 'गुड्स' लिहिलं तर ते अपुरं ठरतं आणि पार्सल अडकतं. काही विक्रेते ग्राहकाचं भलं करायचं म्हणून 'गिफ्ट' असं लिहितात. भेटवस्तूची सवलत ४५ युरोपर्यंतची आहे आणि ती फक्त एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला पाठवलेल्या वस्तूसाठी आहे. दुकानाचा शिक्का असलेल्या पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं की शंका येते, पाकीट बाजूला ठेवलं जातं, आणि मला पत्र येतं : पावती आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन या. मी कामावरून सुट्टी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. विक्रेत्याने चांगल्या हेतूने केलेलं असतं हे मला कळतं, पण त्रास व्हायचा तो होतोच.

ओळखीच्या एक ताई सोलापूरहून घरबसल्या चादरी आणि वॉल हँगिंग परदेशात विकतात. त्यांच्याशी मी यावर बरंच बोलले. त्यांचं म्हणणं मला टाळता येत नाही. "कस्टम्स माझ्या हातात आहे का गं?" त्या म्हणाल्या. "मी पाच आठवडे लिहिलं आणि शेजारच्याने दहा दिवस लिहिलं, तर ऑर्डर कुणाला जाईल? माझं नाव यादीत खाली जातं. खरं बोलायचं आणि उपाशी राहायचं?"

घरी हा वाद असाच मांडला जातो : परदेशातला ग्राहक उतावळा, एक वाईट शेरा लिहून मोकळा होतो, आणि छोट्या माणसाचं दुकान बसतं. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ताईंची अडचण खरी आहे आणि ती बाजाराच्या मालकांनी निर्माण केलेली आहे. लवकरच्या तारखेला वरची जागा, उशिराच्या तारखेला खालची जागा, अशी रचना असेल तर प्रामाणिक विक्रेत्याला शिक्षाच होते. पण ग्राहक उतावळा आहे हे मी मानत नाही. इथे जर्मनीत सोफा घ्यायला गेलं की दुकानदार दहा आठवडे सांगतो. लोक मान डोलावून सही करतात आणि दहा आठवडे जुन्या खुर्च्यांवर बसतात. कुणी भांडत नाही, कारण सोफा दहा आठवड्यांत येतो. दहा दिवस सांगून चार आठवड्यांनी आला असता तर भांडण झालं असतं. वाईट शेरे येतात ते चुकलेल्या तारखेमुळे, आणि तारीख विक्रेत्याने स्वतः लिहिलेली असते. कस्टम्स ताईंच्या हातात नाही. कस्टम्सला वेळ लागतो हे लिहिणं मात्र त्यांच्या हातात आहे.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. इथेही पार्सलं हरवतात, घरी असतानाही 'आपण घरी नव्हता' अशी चिठ्ठी पेटीत मिळते. फरक आहे तो जबाबदारी कुणाची या प्रश्नाच्या उत्तरात. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. वेगळं काही ठरलेलं नसेल तर माल ३० दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे. आणि वस्तू ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत ती हरवण्याची किंवा तुटण्याची जोखीम विक्रेत्याची. ग्राहकाने स्वतः वेगळी वाहतूक ठरवली असेल तरच हे बदलतं. त्यामुळे इथल्या विक्रेत्याला 'आम्ही तर पाठवलं, आता टपालवाल्यांना विचारा' असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

हे युरोपचं काही खास शहाणपण आहे असं समजायचं कारण नाही. आपल्या २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतही हेच तत्त्व आहे. सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा वस्तू उशिरा आली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तरच सूट. पण सीमाशुल्काची नेहमीची तपासणी ही आपत्ती नव्हे. ती प्रत्येक पार्सलची होऊ शकते हे विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

खरी आपत्ती कशी दिसते तेही आपण पाहिलं. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी थांबवली. शुल्क कोण आणि कसं गोळा करणार हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेसाठीची बहुतांश बुकिंग बंद केली. ती ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झाली. त्या काळात माल अडकलेल्या विक्रेत्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण तेव्हाही अमेरिकेतल्या माझ्या मैत्रिणीला एका विक्रेत्याच्या पानावर पूर्वीचीच दहा दिवसांची मुदत दिसत होती. पैसे घेतले गेले, लेबल छापलं गेलं, आणि पुढे शांतता. ती मुदत खोटी आहे हे विक्रेत्याला माहीत होतं, बाजारालाही माहीत होतं. ते पान एका दिवसात बदलता आलं असतं.

या शांततेचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. पार्सल न मिळाल्याची तक्रार करायला बहुतेक बाजारांवर ठरावीक मुदत असते, आणि ती साधारणपणे दाखवलेल्या तारखेपासून मोजली जाते. तारीख उलटली की विक्रेता गोड शब्दांत लिहितो, 'ताई, अजून थोडे दिवस थांबा, कस्टम्समध्ये आहे.' भला ग्राहक थांबतो. थांबता थांबता तक्रारीची मुदत संपते. सगळेच विक्रेते हे मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही. पण जो आपल्या माणसावर विश्वास ठेवून थांबला त्याचेच पैसे बुडतात, आणि ज्याने दुसऱ्याच दिवशी तक्रार ठोकली त्याला पैसे परत मिळतात. परदेशात राहणारे आम्ही लोक भारतातल्या विक्रेत्याला जास्त सवलत देतो, कारण तो आपला वाटतो. त्या आपलेपणाचा असा वापर झाला की मला मनापासून वाईट वाटतं.

यावर उपाय अवघड नाही. कोणत्या पिनकोडवरून कोणत्या देशात पार्सल जायला खरोखर किती दिवस लागले याची नोंद मोठ्या बाजारांकडे असते. त्यांनी विक्रेत्याला यादीतून आकडा निवडायला सांगणं बंद करावं, आणि त्या मार्गावरची दहापैकी नऊ पार्सलं जितक्या दिवसांत पोहोचली तो आकडा दाखवावा. सरासरी दाखवून उपयोग नाही, कारण सरासरीच्या पलीकडे राहिलेलं पार्सल हेच कुणाच्या तरी लग्नाच्या साडीचं असतं. मुदत पहिल्या स्कॅनपासून मोजावी. सगळ्यांना एकच मोजपट्टी लागली की ताईंचं नाव खरं बोलल्यामुळे खाली जाणार नाही. आणि पार्सल हलत असेल तर तक्रारीची मुदत आपोआप पुढे सरकावी.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या परराष्ट्र व्यापार धोरणात २०३० पर्यंत ई-कॉमर्स निर्यात २०० ते ३०० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते असं म्हटलं आहे. कुरिअरने पाठवायच्या निर्यात मालाची मर्यादा त्याच धोरणाने ५ लाखांवरून १० लाख रुपये केली. गावोगावच्या टपाल कार्यालयांत डाक घर निर्यात केंद्रं उघडली, जिथे छोट्या विक्रेत्याला कागदपत्रांसाठी मदत मिळते. हे सगळं मला फार आशादायक वाटतं. सोलापूरची चादर बर्लिनच्या घरात सोलापूरच्याच बाईने थेट विकावी, मध्ये कुणी दलाल नसावा, हे व्हायलाच हवं. मात्र या केंद्रांमध्ये एचएस कोड शिकवतात तशी मुदत लिहायलाही शिकवावी : युरोपसाठी किती, अमेरिकेसाठी किती, ख्रिसमसच्या आधीच्या महिन्यात किती जास्त.

दिवाळी अंक पाठवणाऱ्या एका विक्रेत्याने मागच्या वर्षी आपल्या पानावर साधं लिहून ठेवलं होतं : 'युरोपला चार ते सात आठवडे लागतात. कर तुम्हाला तिथे भरावा लागेल. दिवाळीआधी हवे असतील तर हे अंक आमच्याकडून मागवू नका, कारण आमच्या हातात येतात तेव्हाच उशीर झालेला असतो.' आमच्या शहरातल्या मराठी मंडळींनी मिळून त्याच्याकडेच मागवले. अंक नोव्हेंबरच्या अखेरीस आले. त्याचं नाव आता ग्रुपवर फिरतंय, आणि या वर्षी मागणी आधीच गोळा व्हायला लागली आहे.