चातुर्मासातला ट्रम्पेट

पोस्ट मोठी आहे. शेवटी एक विनंती आहे, म्हणून जमलं तर पूर्ण वाचा.

२००६ ते २००८ या काळात नाशकातल्या आमच्या बँडची प्रॅक्टिस भारनियमनाच्या वेळापत्रकावर चालायची. पेपरात आलेला तक्ता ड्रमरच्या खोलीच्या दाराला चिकटवलेला असायचा. गंगापूर रोडची वीज गेली की सिडको गाठायचं, सिडकोची गेली की नाशिकरोड. गिटार पाठीला, अ‍ॅम्प रिक्षात दोन पायांच्या मध्ये. एकोणीस-वीस वर्षांचे होतो आणि विजेच्या मागे गावभर हिंडताना त्रास होतोय असं एकदाही वाटलं नाही.

बेसवाल्याचे वडील नोट प्रेसमध्ये, ड्रमरच्या वडिलांचा सातपूरला लेथचा छोटा गाळा. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका दादाने एमपीथ्रीची सीडी आणली होती. त्यात रामोन्स होते, क्लॅश होते, म्हणजे पंक, तीन-चार कॉर्डचं चिडलेलं रॉक, आणि एका फोल्डरला दादाने नुसतं ‘उड्या’ असं नाव दिलं होतं. त्यात सगळं स्का होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्का हे जमैकातलं संगीत, १९५०च्या दशकाच्या शेवटी जन्मलेलं. रेगे त्याच्या नंतर आलं. चार मात्रांचा ठेका धरा. पाय जिथे पडतो तिथे गिटार वाजतच नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत ती ‘चक्’ करून जाते. त्यामुळे अंग आपोआप वर उचललं जातं. आणि या सगळ्यावर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. १९७९ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्सने टू टोन ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि पंकचा संताप या ठेक्यावर नाचायला लागला. तिकडे वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटचे मोर्चे निघत होते, त्याच काळात डॅमर्सच्या स्पेशल्स या बँडमध्ये काळी आणि गोरी पोरं एका स्टेजवर उभी होती. कॉव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचं गाव, आणि कारखान्यांना उतरती कळा लागलेली. सातपूर-अंबडच्या, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या भागातल्या पोरांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही.

तीन कॉर्ड आम्हाला येत होत्या. गाणीही आम्ही मराठीत लिहिली होती, एक लोडशेडिंगवर, एक गोदावरीच्या पात्रात ओतलेल्या काँक्रिटवर. पण ट्रम्पेट कुठून आणायचा? कॉलेज रोडवर गिटारचे क्लास होते, ट्रम्पेटचा एकही नव्हता.

ड्रमरच म्हणाला, “अरे, लग्नात कोण वाजवतं मग?”

भद्रकालीत बँडचं एक दुकान होतं. भिंतीला मेरठहून आणलेले ट्रम्पेट आणि युफोनियम, म्हणजे मोठ्या भोंग्याची पितळी वाद्यं, टांगलेले, खाली लाल कोटांची चळत. तिथे जे भेटले त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. त्यांचे वडील लष्कराच्या देवळाली कॅम्पात वाजवायला शिकलेले. आम्ही मोबाइलवर एक गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून मांडीवर ठेका धरला, पहिल्या फेरीला चुकला, दुसऱ्या फेरीला बरोबर बसला. मग म्हणाले, “पोरांनो, पडतंय ते सोडा. मधलं धरा.” इतके दिवस आमच्याकडून जे होत नव्हतं ते त्या दुपारी झालं.

अट एकच होती. लग्नसराईत ते मिळणार नाहीत. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर बँडवाले रिकामे असतात. म्हणून आमचा स्का बँड चातुर्मासातच पूर्ण असायचा. तुळशीचं लग्न लागलं की ट्रम्पेट गेला, आम्ही पुन्हा तीन कॉर्डवाले पंक.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की १९६४ साली जमलेल्या स्कॅटलाइट्स या जमैकातल्या स्का बँडमधले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघेही किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले. नन्स चालवायच्या ती शाळा, गरीब आणि निराधार मुलांसाठी. मुलांना पोटापाण्याचा उद्योग म्हणून बँड शिकवत. त्याच शाळेतला रिको रॉड्रिग्ज पंचेचाळिशीच्या आसपास स्पेशल्सच्या पोरांबरोबर ट्रॉम्बोन वाजवत होता. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्याकडचा लग्नाचा बँडही इंग्रजांच्या पलटणींच्या बँडवरूनच आलेला. किंग्स्टन काय आणि भद्रकाली काय, ही वाद्यं गरिबाच्या हातात पोट भरण्यासाठी आली, आणि त्याने त्यांतून स्वतःचं काहीतरी काढलं. आम्ही सीडीवर शोधत होतो ते आमच्या आत्याच्या लग्नात दारापर्यंत येऊन गेलं होतं. त्या माणसांना आम्ही तेव्हा पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आता जे लिहितोय ते सोळा-सतरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून मास्तर येऊ शकले. कोटाला इस्त्री करून, ट्रम्पेट चकाकवून आले. विंगेत एकाने आम्हाला बाजूला घेतलं. “बँडबाजावाले स्टेजवर नकोत, समोर पाहुणे बसलेत.” मास्तर चार हातांवर उभे होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, “तुम्ही वाजवा, मी इथनं ऐकतो.”

आणि आम्ही वाजवलं. माणसाला माणूस म्हणून वागवा अशा अर्थाच्या ओळी आमच्या गाण्यात होत्या, त्यासुद्धा मी म्हटल्या. टाळ्या पडल्या. बाहेर आलो तर मास्तर सायकल स्टँडजवळ ट्रम्पेट फडक्यात गुंडाळत होते. आम्ही गिटारी खाली ठेवून त्यांच्याबरोबर निघून जायला हवं होतं. तेवढं पंक आमच्यात नव्हतं, याची लाज मला आजही वाटते.

बारा दिवसांनी दुकानात जायचा धीर झाला. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “पुढचं कधी?”

पुढचं म्हणजे २००८चा श्रावण, ड्रमरच्या वडिलांचा गाळा. साप्ताहिक सुट्टीचा दिवस. आदल्या रात्री आम्ही फरशीवरचा लोखंडाचा कीस झाडला, लेथवर ताडपत्री टाकली, मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. तिकीट तीस रुपये. सत्तरएक जण आले असतील. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की पहिलं गाणं कुणालाच नीट ऐकू आलं नाही. मास्तर युफोनियमवाल्याला आणि साइड ड्रमवाल्या पोरालाही घेऊन आले होते. तिसऱ्या गाण्यात मधे त्यांनी आम्हाला न सांगता वरात दारात आल्यावर वाजवतात तसली एक सुरावट सोडली, आमच्या ‘चक्’वर बरोबर बसवून. क्षणभर सगळे थांबले. मग जो नाच झाला! शेजारच्या गाळ्याचा वॉचमन नाचला, माझी बहीण नाचली, ड्रमरचे वडील ताडपत्री घातलेल्या लेथला टेकून टाळ्या वाजवत होते. तेलाचा, डिझेलचा आणि ओल्या कपड्यांचा तो वास मला अजून येतो. शेवटी मास्तरांना मधोमध उभं केलं आणि तीन वेळा तेच गाणं वाजवलं.

वर्षभरात पुणे, बेंगळुरू, नोकऱ्या. बँड संपला. दिल्लीत २००९ साली स्का व्हेंजर्स हा बँड सुरू झाला. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मास्तरांना फोन करून ऐकवला होता. “मधलं धरलंय पोरांनी,” म्हणाले.

नाशकात कसला सीन होता, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. होता. रेकॉर्ड झाला नाही, एवढंच. २००८ पासूनच सुला फेस्ट या संगीत महोत्सवामुळे मोठे बँड इथे येऊ लागले, ते मीही मनापासून ऐकलेत. पण ते ऐकणं झालं. एकोणीस वर्षांच्या पोराने स्वतः लिहिलेलं गाणं वाजवायला या शहरात आज जागा कुठे आहे? कालिदास कलामंदिर त्याच्या खिशाबाहेरचं, आणि कॅफेत गेलं की ऐकलेलीच गाणी वाजव म्हणतात. सातपूर-अंबडमध्ये ज्यांचे गाळे आहेत त्यांना हात जोडून सांगतो, महिन्यातली एक संध्याकाळ पोरांना द्या. रात्री दहाच्या आत आवरतील, झाडूनही जातील.

आता विनंती. मास्तर गेल्या वर्षी गेले. परवा दुकानात गेलो होतो, त्यांचा नातू आता ट्रम्पेट वाजवतो. त्याने विचारलं, “आजोबा तुमच्यात काय वाजवायचे?” माझ्याकडे त्याला ऐकवायला काहीही नव्हतं. त्या दिवशी गाळ्यात दोन-तीन जण मोबाइलवर शूटिंग करत होते, मला पक्कं आठवतं. जुने मेमरी कार्ड, जुना कॉम्प्युटर, माळ्यावरच्या सीड्या, कृपा करून एकदा बघा. चित्र खराब असलं तरी चालेल, तिसऱ्या गाण्याचा नुसता आवाज मिळाला तरी मला मेसेज करा. पोरगा वाट बघतोय.