आमदाराचं भाषण दिसतं, मत कुठे दिसतं?

पर्वरीला गोवा विधानसभेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवरच्या 'शुभ सकाळ' मागे पडतात आणि आमदारांच्या क्लिपा सुरू होतात. दीड-दोन मिनिटांचा तुकडा, खाली लाल पट्टी: सरकारला घाम फोडला. मागे एकदा अशाच एका क्लिपेवरून फोंड्याच्या आणि डिचोलीच्या मंडळींत जुंपली. शेतजमिनींच्या रूपांतरावर एक आमदार तावातावाने बोलत होता. भाषण खरोखर चांगलं होतं, सर्व्हे क्रमांकांसकट. निम्मे म्हणाले, निदान हा बोलतो तरी. उरलेले म्हणाले, बोलायचे दात वेगळे, हाच माणूस कायदा होताना कुठे होता? मी इतकंच विचारलं, की त्या विधेयकावर त्याचं मत कुठल्या बाजूला पडलं? प्रत्येकाने आपापला अंदाज ठोकून दिला. नोंद मात्र कोणालाच दाखवता आली नाही, आणि माझा आत्येभाऊ नेहमीच्या तिरकसपणाने म्हणाला, "तुझं ते विलायतेतलं तिथेच ठेव. इथे मत बघायचं कुठे, ते सांग आधी."

त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी हे विलायतेतलं काय प्रकरण आहे ते सांगून टाकतो.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. इथे गोंयकार भरपूर. बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, म्हणजे भारतातलं मत त्यांनी कायमचं सोडलं आणि इथल्या संसदेच्या निवडणुकीतही त्यांना मत नाही. माझा पासपोर्ट अजून भारतीय, म्हणून राष्ट्रकुल देशाचा नागरिक या नात्याने मला इथे खासदार निवडता येतो. गोव्यात मात्र अनिवासी मतदार म्हणून नाव घातलं तरी मतदानाच्या दिवशी केंद्रावर जातीने हजर राहावं लागतं. सारांश, ज्या सभागृहाशी माझा जन्माचा संबंध नाही तिथला माझा प्रतिनिधी कसा वागतो ते मला मोबाइलवर कळतं, आणि ज्या सभागृहाच्या एकेका कायद्यावर आमच्या घरामागच्या डोंगराचं काय होणार ते ठरतं, तिथलं कळत नाही.

इथेही सुरुवात आवाजानेच होते. सभापती विचारतात, बाजूचे 'आय' म्हणतात, विरोधातले 'नो' म्हणतात. पण कोणी आवाज चढवून हरकत घेतली की घंटा वाजू लागतात, आणि आठ मिनिटांनी मतदानाच्या दालनांची दारं बंद होतात. तेवढ्या वेळात खासदार जेवत असोत की फोनवर असोत, धावत येऊन दोनपैकी एका दालनातून चालत जायचं. आपलं मत प्रत्येकाने आपल्या पायांनी द्यायचं. नावं टिपली जातात आणि त्याच दिवशी लोकांसमोर येतात. 'दे वर्क फॉर यू' नावाचं एक संकेतस्थळ ही नावं विषयवार लावून देतं. पिनकोड घातला की आपला खासदार आणि त्याची मतं समोर.

आता याची आरती ओवाळण्याचं कारण नाही. 10 सप्टेंबर 2024 रोजी म्हाताऱ्यांना हिवाळ्यात मिळणारं इंधन अनुदान कापण्याच्या निर्णयावर इथे मतदान झालं. तो निर्णय रद्द करण्याचा प्रस्ताव 228 विरुद्ध 348 मतांनी पडला. सत्ताधारी मजूर पक्षाच्या कितीतरी खासदारांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कोण आजारी होता, कोण पक्षाची रीतसर परवानगी घेऊन बाहेर होता आणि कोण मतदारांच्या भीतीने लपला होता, ते यादी सांगत नाही, कारण तटस्थ म्हणून नाव नोंदवायची सोयच नाही. शिवाय पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, इथेही आहे आणि बहुतेक खासदार बहुतेक वेळा निमूटपणे तो पाळतात. आकड्यांत मांडलेला खासदार म्हणजे खरा खासदार, असं समजणारे लोक इथेही आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तरीही एक फरक राहतोच. इथे व्हिप मोडला तर पक्ष शिक्षा करतो, खासदारकी जात नाही. 2019 च्या सप्टेंबरात ब्रेक्झिटवरून सरकारच्या विरोधात गेलेल्या हुजूर पक्षाच्या 21 जणांना पक्षाने बाहेर काढलं. त्यांत माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क होते, चर्चिल यांचा नातू निकोलस सोम्स होता. पण सभागृहातली जागा सगळ्यांची शाबूत राहिली. जुलै 2024 मध्ये दोनच मुलांपुरत्या मर्यादित भत्त्याच्या प्रश्नावर मजूर पक्षाच्या सात जणांचं तेच झालं. म्हणजे भाषण एकीकडे आणि मत दुसरीकडे गेलं, तर लोकांना 'का रे बाबा?' असं विचारता येतं, कारण दुसरीकडे मत देण्याचा रस्ता त्याला मोकळा होता.

आपल्याकडे तो रस्ता 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने बंद केला. दहाव्या परिशिष्टात दोन गोष्टी आहेत. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदार अपात्र ठरू शकतो. दुसरी गोष्ट, पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी मिळून विलीनीकरण केलं तर कोणाचंच काही जात नाही. या दुसऱ्या कलमाची गोव्याइतकी सवय दुसऱ्या कुठल्या राज्याला झाली असेल असं वाटत नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, आणि त्यांचे नेते चंद्रकांत कवळेकर विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवरून उठून उपमुख्यमंत्री झाले. त्यानंतर 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घालण्यात आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात 11 पैकी 8 जण गेले. आपण देवाला विचारूनच आलो, असं त्यांतल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं. ज्यांच्या घरी कौलप्रसाद लावल्याशिवाय लग्नाची तारीख ठरत नाही, अशा आमच्या वडीलधाऱ्यांनाही हे जरा जड गेलं.

तेव्हा एकटा आमदार एखाद्या विधेयकावर लोकांच्या बाजूने मत देईल तर आमदारकी धोक्यात, आणि आठ जण मिळून अख्खं घर बदलतील तर निर्धास्त. अशा वेळी भाषण आणि मत यांची तुलना करून एखाद्या आमदाराला ढोंगी ठरवणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. मत त्याचं नसतंच, पक्षाचं असतं. त्याच्या मालकीचं म्हणावं असं भाषणच काय ते उरतं, आणि म्हणून ते एवढं मोठ्याने होतं.

पण इथेच थांबलं तर आमदारांची फारच सोय होईल. व्हिप मत बांधतो, मतविभागणी (डिव्हिजन, म्हणजे नावानिशी मोजणी) मागण्याला बांधत नाही. आवाजी मतदानाचा निकाल सभापतींनी सांगितला, की 'आम्हाला डिव्हिजन पाहिजे' म्हणून उभं राहणं ही विरोधी बाकावरच्या सदस्याच्या हातातली गोष्ट आहे. ती किती वेळा होते? 30 जुलै 2021 आठवा. अधिवेशनाचा शेवटचा दिवस. भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आलं: तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्याने 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेलं, अडीचशे चौरस मीटरपर्यंतचं घर त्याच्या मालकीचं करून देण्याची तरतूद. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला), कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन), भाटकार (जमीनदार), गावठाण, गोव्यातल्या जमिनीच्या सगळ्या जुन्या दुखण्यांना एकदम हात घालणारं विधेयक. विरोधकांनी सभात्याग केला आणि ते त्याच दिवशी संमत झालं. पुढे बाहेर गदारोळ झाला, 'भूमिपुत्र' हा शब्द काढू असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं, आणि शेवटी त्याचा कायदा झालाच नाही. जनतेच्या आवाजाचा विजय म्हणून आपण तो प्रसंग सांगतो. तो आहेही. पण त्या दिवशी कोणी कोणी 'होय' म्हटलं, त्यांची नावं एका ओळीखाली एक अशी छापलेली मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'च्या पहिल्या पानावर तशी यादी आली असती, तर त्या आमदारांना आपापल्या मतदारसंघातल्या चतुर्थीच्या आरत्यांना जाताना जरा विचार करावा लागला असता.

सभात्यागाचा फोटो छान येतो. सभापतींसमोरच्या हौद्यात धाव घेतली की अजून छान येतो. पण सभागृहाबाहेर गेलेल्या माणसाचं मत विरोधात मोजलं जात नाही, आणि आत बसलेल्या माणसाचं नाव बाजूने नोंदलं जात नाही. दोघांचीही सुटका होते. सत्ताधाऱ्यांना दोष देणं सोपं आहे; माझा राग विरोधकांवर जास्त आहे, कारण नाव नोंदवून घ्यायची किल्ली त्यांच्या खिशात असते आणि ते ती काढत नाहीत.

डोकी मोजताच येत नाहीत असंही नाही. मार्च 2017 मध्ये मनोहर पर्रीकरांनी 22 विरुद्ध 16 ने विश्वासदर्शक ठराव जिंकला, मार्च 2019 मध्ये प्रमोद सावंतांनी 20 विरुद्ध 15 ने. सरकारचा जीव टांगणीला असतो तेव्हा एकेक डोकं मोजलं जातं. लोकसभेतही सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक 454 विरुद्ध 2 असं मोजून झालं, कारण घटनादुरुस्तीला मोजणी लागतेच. डोंगर कापायची परवानगी देणाऱ्या कायद्याला मात्र घसा पुरतो. आणि आपणही तसेच. पीआरएस ही दिल्लीची संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग नेटाने मांडते, वर्तमानपत्रं त्यावरून 'पहिला क्रमांक' वगैरे देतात. त्या तक्त्यात मताचा रकाना नाही. शाळेतली हजेरी आणि वक्तृत्व स्पर्धा यांवरच आपण प्रगतिपुस्तक भरतो आहोत.

आता जमिनीच्या भाषणाकडे परत येतो, कारण तिथे आणखी एक गुंता आहे. नगरनियोजन कायद्यात 2018 साली 16-ब कलम आलं, 2023 साली 17(2), 2024 साली 39-अ. नाव वेगवेगळं, काम साधारण एकच: प्रादेशिक आराखड्यातला झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, तुकड्यातुकड्याने बदलण्याची वाट. या कलमांवर सभागृहाने मत दिलं ते एकदाच, अधिकार देताना. त्यानंतर कुठल्या गावातला कुठला सर्व्हे क्रमांक शेतीतून वसाहतीत गेला, ते राजपत्रातल्या अधिसूचनेतून कळतं. त्यावर ना भाषण होतं ना मतदान. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम रद्द केले, तेही लोक कोर्टात गेले म्हणून, कोणी आमदार डिव्हिजन मागायला उभा राहिला म्हणून नव्हे. 16-ब आणलं तेव्हा नगरनियोजनमंत्री असलेले विजय सरदेसाई आज विरोधी बाकावरून याच खात्यावर तुटून पडतात. दोन कलमांत फरक आहे असा युक्तिवाद कोणी करेलही, आणि तो ऐकायला हवा. पण तो ऐकताना 2018 चं मत आणि आजचं भाषण शेजारी शेजारी ठेवलेलं असावं, एवढीच अपेक्षा.

मराठीच्या प्रश्नावर तर आपण स्वतःलाच फसवतो. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा मिळाली. तेव्हापासून मराठीच्या व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेऊन 'मराठीला न्याय मिळालाच पाहिजे' म्हणणारे आमदार मी लहानपणापासून ऐकतो आहे. पुढच्या आठवड्यात तेच कोकणीच्या व्यासपीठावर तितक्याच गहिवराने बोलतात. टाळ्या दोन्हीकडे पडतात. सभागृहात शुक्रवारी खासगी ठरावांचा दिवस असतो. एखादा अडचणीचा ठराव आलाच तर मंत्री आश्वासन देतात, आमदार आभार मानून ठराव मागे घेतो, आणि कोणालाच मत द्यावं लागत नाही. मागे घेतलेल्या ठरावांची यादी कोणी केली, तर मला वाटतं ती भाषणांच्या क्लिपांपेक्षा जास्त बोलकी निघेल. ती करायला व्हिप आड येत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. विधानसभेचं कामकाज वाचायची चिकाटी असलेले दोन-चार निवृत्त शिक्षक पुरे.

आत्येभावाला मी हेच कळवलं. त्याचं उत्तर आलं: "सात जण विरोधात, तेहतीस बाजूने. डिव्हिजन मागून काय मिळणार? निकाल तर माहीत आहे." खरं आहे, 2022 च्या पक्षांतरानंतर विरोधी बाक एवढाच उरला. पण मला त्या सातांशी कर्तव्य नाही, ते कुठे आहेत ते दिसतंच. मला त्या तेहतिसांची नावं हवी आहेत, त्यातही जे गावच्या ग्रामसभेत 'मी तुमच्याबरोबर आहे' म्हणून सांगून आलेले असतात त्यांची. 2027 ला निवडणूक आहे. आमच्या भागातला उमेदवार, कुठल्याही पक्षाचा, घरी मत मागायला आला की त्याला पाणी द्यायचं, बसवायचं, आणि विचारायचं: तू विरोधात बसलास तर प्रत्येक जमीनविषयक विधेयकावर डिव्हिजन मागशील काय? आणि सत्तेत बसलास तर कोणी मागितल्यावर तुझं नाव छापू देशील काय? आत्येभाऊ म्हणतो, तो हो म्हणेल. म्हणू दे. त्याची क्लिप मात्र काढून ठेव, असं मी त्याला बजावलं आहे.