गच्च धरा ना बावा!

अमरावतीकडच्या बहिरमच्या यात्रेत फुगे फोडायच्या दुकानावर माझी जी शोभा झाली, ती आमच्या गावात अजून ताजी आहे. प्रसंग दोन ओळींचा. तीस रुपयांत दहा छर्रे, समोर फळीवर फुगे, शेजारी भाचा, आणि दहा छर्रे संपल्यावर फुगे जसेच्या तसे. छर्ऱ्याच्या बंदुका खोलणं, जुळवणं आणि शाळेतल्या पोरांना त्या धरायला शिकवणं हा माझा उद्योग आहे, हे भाच्यानं दुकानदाराला आधीच मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. बक्षीस म्हणून प्लास्टिकचा कंगवा मिळाला. मला टक्कल आहे.

पण माझं भांडण फुग्यांशी नाही, जमादारांशी आहे.

जमादार म्हणजे खाकी स्वेटर, कानाला मफलर आणि मुठीत भाजलेल्या शेंगा. कुठल्याशा पोलीस दलातून निवृत्त. पहिला छर्रा फळीत रुतला तेव्हा ते नुसते खाकरले. दुसऱ्याला पुढे सरकले. तिसऱ्याला त्यांनी एक शेंग फोडली, टरफल माझ्या चपलेवर टाकलं आणि विचारलं, "काऊन साहेब, नेम हालून राह्यला का?"

"नेम ठीक आहे. मागचा साइट, नेम धरायची खाच, ढिला आहे."

"साइटले कायले दोष देता बावा? बंदूक खांद्यात ठासा. गच्च! आमी एसएलआर चालोली. पाच किलोचं धूड. थे खांद्यात दाबली नाही त हासळीचं हाड मोडे."

"जमादार, ही एसएलआर नाही."

"बंदूक थे बंदूक." एवढं बोलून ते गर्दीकडे वळले. "सांगा बरं गा, बंदूक कशी धरा लागते?"

"गच्च!" गर्दीनं उत्तर दिलं. त्यात शेजारचा उसाच्या रसवाला होता, कडेवर पोर घेतलेली एक बाई होती आणि, सांगायला जीभ जड होते, भाचाही होता.

यातली खरी चीड अशी की जमादारांचं म्हणणं एसएलआरपुरतं, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या त्यांच्या रायफलीपुरतं, बरोबर आहे. 7.62 मिलिमीटरची गोळी, वेग सेकंदाला 800 मीटरच्या वर. हॅमर पडला की सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागात ती नळीबाहेर. नळीतला थोडा गॅस वरच्या पिस्टनला ढकलतो, नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्रीचब्लॉक मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, पुढचं आत जातं. पण हा सगळा धिंगाणा रंगात येतो तोवर गोळी गेलेली असते. म्हणून तिथे दाबून धरावं, प्रत्येक वेळी सारखंच दाबावं, म्हणजे पुढची गोळीही त्याच जागेवरून सुटते. अशा बंदुकीचा नेम सुधारायचा तर गॅसचा रेग्युलेटर नीट लावा, पिस्टनवरची काजळी काढा, एकाच लॉटची काडतुसं वापरा, आधी ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, बघा आणि मगच साइटला हात लावा. जमादारांनी हे सगळं नोकरीत केलेलं असणार. यातलं त्यांच्याजवळ उरलं काय, तर "गच्च".

स्प्रिंगच्या छर्रा-बंदुकीचं गणित नेमकं उलटं. नळी मोडून आपण आतली जाड स्प्रिंग दाबतो आणि पिस्टन मागे अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग त्याला पुढे फेकते, त्या झटक्यानं बंदूक मागे येते. समोरची हवा दाबली जाऊन पिस्टन अडतो, तशी बंदूक पुढे उसळते. आणि छर्रा अजून नळीतच! चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो, आणि तेवढ्यात बंदूक मागे-पुढे दोन्ही होऊन जाते. हे मुठीत आवळून थांबत नाही. आवळलं की उसळी वाकडी होते, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला वाकडी होते, कारण माणसाची मूठ दर खेपेला सारखी आवळत नाही. म्हणून डाव्या हाताचा पंजा उघडा ठेवायचा, चापाच्या कडीच्या थोडं पुढे जिथे बंदूक तोलते तिथे ती त्यावर नुसती टेकवायची, बोटं मिटायची नाहीत. दस्ता खांद्याला लागेल इतकाच, गालही हलका. लाकडी फळीवर किंवा विटेवर नळी टेकवून मारायचं तर मुळीच नाही, कडक आधारावरून ती वर उडते. चाप सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबायचं.

हे मी तिथे सांगायला सुरुवात केली. 'पिस्टन' या शब्दावर जमादारांनी मला थांबवलं. "पिस्टन त मोटरसायकलीत रायते ना बावा." गर्दी हसली. दुकानदारही हसला, आणि त्याच्या हसण्याचा मला जास्त राग आला, कारण आपल्या बंदुकीची हालत त्याला पाठ होती.

ती हालत अशी. दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू ढिले. आमच्याकडे उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर पारा जातो, लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि स्क्रू आपोआप सुटतात. कोणत्याही स्प्रिंगच्या बंदुकीचा नेम बिघडला तर सगळ्यात आधी हेच बघायचं. निम्मी दुखणी तिथेच संपतात. दुसरं, नळीचा सांधा. नळी मोडून मध्येच सोडली तर ती आहे तिथे थांबली पाहिजे. ही धाडकन खाली पडत होती. म्हणजे मिटल्यावर ती दर वेळी वेगळ्या जागी बसणार आणि मागचा साइट काहीही सांगो, छर्रा आपल्या मर्जीनं जाणार. तिसरं, ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं, वॉशर. त्याच्याशी टिशू पेपरची बारीक पट्टी धरून बंदूक चालवली आणि पट्टी फडफडली, तर हवा तिथून गळते. इथे पट्टीची गरजच नव्हती, माझ्या अंगठ्याला वारा लागत होता.

आणि नळी वर वाकलेली. ती अशी वाकते की कुणीतरी नळी मोडून ठेवतो, दुसरा कुणी गंमत म्हणून चाप ओढतो, आणि नळी फटकन मिटते. त्यात कधी नळी वाकते, कधी बोट. छर्रा न घालता रिकामी बंदूक चालवली तर हवेची गादी न मिळाल्यानं पिस्टन पुढच्या भिंतीवर आदळतो, स्प्रिंग आणि सील दोन्ही मरतात. यात्रेतलं प्रत्येक पोट्टं आधी हेच करून पाहतं. वरून दुकानदार रोज सकाळी आत खोबरेल सोडतो, "चालाले गुळगुळीत" म्हणून. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते तेल पेटतं, नळीतून धूर येतो, आवाज मोठा होतो. गिऱ्हाईक खूश. छर्ऱ्याचा वेग मात्र एकदा असा, एकदा तसा.

छर्रे डब्यातून मूठभर काढलेले, निम्म्यांचा घेर चेपलेला. काचेवर घरंगळवून पाहिलं की चेपलेला छर्रा लगेच ओळखू येतो, बाजूला काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. फुगे अर्धेच फुगवलेले. ही चलाखी मी मान्य करतो, तिच्यात अक्कल आहे. सैल रबराला मरगळलेला छर्रा तिरपा लागला तर फुगा फुटत नाही, नुसता बाजूला होतो.

भारतात 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. हीच बंदूक आहे जिच्या भारी भावंडानं 2008 साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राला 10 मीटरचं सुवर्णपदक दिलं. त्या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून आमच्याकडेही चार आईबाप "आमच्या पोराले शिकवा" म्हणत येतात. शिकवू कुठे? शाळेच्या मागच्या भिंतीला पोती लावून. छर्ऱ्यांचा डबा मागितला की क्रीडा खात्यावर क्रिकेटचा चेंडू निघतो. आणि यात्रेत बघावं तर प्लायवूडच्या फळीवर शिशाचे छर्रे, फळीत खिळे, खिळ्यावरून उलट येणारा छर्रा, आणि डोळ्यांवर चष्मा नसलेली पोरं फळीला लागून उभी. मागे जाड गोणपाट सैल टांगायला काय खर्च येतो? त्यावर कुणी बोलत नाही. गच्च धरण्यावर मात्र अख्ख्या यात्रेचं एकमत.

माझे छर्रे संपल्यावर नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा पुढे आला. हात आखूड, बंदूक त्याच्यापेक्षा जड. मूठ पुरेना म्हणून त्यानं डाव्या हाताचं कोपर फळकुटावर ठेवलं आणि उघड्या तळव्यावर बंदूक टेकवली. खांद्याला जेमतेम लागली. पहिला छर्रा लाल फुग्याच्या वर उजवीकडे गेला. पोरानं पाहिलं, काही न बोलता त्याच्या खालच्या डाव्या निळ्या फुग्यावर नेम धरला, आणि लाल फुगा फुटला. मग पिवळा. मग आणखी एक. बंदूक धड नव्हती, पण अशा सैल हातात ती दर वेळी एकाच बाजूला चुकत होती, आणि एकाच बाजूला चुकणारी बंदूक दुरुस्त करता येते. छर्रे उजवीकडे जात असतील तर मागचा साइट डावीकडे सरकवा, वर जात असतील तर खाली घ्या. छर्रा जिथे जायला हवा तिकडे मागचा साइट, बस.

"पाहा!" जमादार गरजले. "गच्च धरलं पोट्ट्यानं!"

मी पोराच्या उघड्या पंजाकडे बोट दाखवलं. जमादारांनी तिकडे पाहिलं, शेंग फोडली आणि म्हणाले, "त्याचा पंजाच गच्च हाय."

गर्दी पांगल्यावर मी दुकानदाराला बाजूला घेतलं. म्हटलं, स्क्रू आवळून देतो, वॉशर बदलतो, साइट जुळवून देतो, पैसे नको. त्यानं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. "साहेब, बंदूक शिधी केली त कंगवे कोण नेईन? पाच ग्रोस पडेल हायेत."

जमादार अजून तिथेच होते. "रविवारी घरी या," ते मला म्हणाले. "तुमाले धराले शिकोतो."

भाच्यानं पत्ता लिहून घेतला.