‘हाताची सवय’ आणि दहा मिनिटांचा नियम

बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी भाची गेल्या आठवड्यात बंद दाराबाहेर जमिनीवर बसलेली दिसली. आत दीड महिन्याचे बाळ टाहो फोडत होते आणि तिच्या हातातील मोबाइलवर दहा मिनिटांचे घड्याळ उलटे मोजत होते. ओढणीचे टोक तिने बोटाभोवती इतके आवळले होते की बोट पांढरे पडले होते. ‘‘मावशी, अजून चार मिनिटे,’’ ती म्हणाली.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या ‘तान्ह्या बाळाला शिस्त लावण्याचे पाच नियम’ या संदेशाचा हा प्रताप. रडणाऱ्या बाळाला दहा मिनिटे उचलू नये, नाहीतर ‘हाताची सवय’ लागते. दोन-तीन महिन्यांचे बाळसुद्धा रडून आईला नाचवते. रडण्याने फुफ्फुसे बळकट होतात. बोबडे बोलल्यास वाचा उशिरा फुटते. त्यापेक्षा मोबाइलवर शैक्षणिक व्हिडिओ लावावेत, असे त्याचे म्हणणे. खाली ‘आपल्या पूर्वजांचे शास्त्र’ अशी मोहोरही आहे.

फुफ्फुसांच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. निरोगी बाळाची फुफ्फुसे वाढीच्या ओघात वाढतात, त्यासाठी त्याला रडवण्याची तालीम लागत नाही.

खरा घातक नियम पहिला. कॅनडातील माँट्रियल येथे हुंझिकर आणि बार यांनी 99 आई-बाळांच्या जोड्यांवर केलेला प्रयोग 1986 साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटातील आईवडिलांना बाळ तीन आठवड्यांचे झाल्यापासून रोज किमान तीन तास हातांत किंवा झोळीत घेऊन वावरण्यास सांगितले गेले, आणि तेही केवळ रडल्यावर किंवा पाजताना नव्हे, तर एरवीसुद्धा. दुसऱ्या गटाला पाळण्याजवळ चित्र आणि हलते खेळणे टांगण्यास सांगितले. सहाव्या आठवड्यात, म्हणजे रडणे सर्वसाधारणपणे शिगेला पोहोचते त्या वयात, अधिक कडेवर घेतलेली बाळे दिवसाकाठी 43 टक्के कमी रडत होती आणि दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंतच्या वेळात 51 टक्के कमी. ज्या तिन्हीसांजेच्या किरकिरीला आपल्याकडे दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतात, तीच ही वेळ. सवय लागून रडणे वाढणार होते, ते इथे निम्म्याच्या आसपास उतरले. पोटशुळाने आधीच फार रडणाऱ्या बाळांवर बार यांनीच 1991 मध्ये केलेल्या चाचणीत असा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे कडेवर घेणे हे प्रत्येक रडण्याचे औषध नव्हे. पण औषध नसणे वेगळे आणि विष असणे वेगळे.

‘आईला नाचवते’ हा आरोप तर हास्यास्पद आहे. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ताडून त्याला फसवण्याइतकी समज दीड महिन्याच्या मेंदूत नसते. भूक, ओले, थंडी, दुखणे या सगळ्यांसाठी त्याच्याकडे एकच आवाज आहे. त्या दिवशी मी चार मिनिटे थांबले नाही. दुपटे ओले होते, एवढेच निघाले. परंतु बाळंतिणीचा गळलेला केस पायाच्या बोटाला करकचून बसलेला असू शकतो, आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो. बंद दाराबाहेर यातले काय कळणार?

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करते. सहा-आठ महिन्यांनंतर, रात्री वारंवार उठणाऱ्या बाळाला थोडे थोडे थांबून, मधून मधून जवळ जाऊन स्वतः झोपू देण्याची पद्धत आहे, आणि ऑस्ट्रेलियात अशा बाळांची सहाव्या वर्षी पुन्हा तपासणी केली तेव्हा आईशी असलेल्या नात्यात वा वागण्यात कोणतीही हानी आढळली नव्हती. ते निष्कर्ष 2012 साली आले. संदेशकर्त्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकून दीड महिन्याच्या बाळावर लादले आहे.

बोबड्या बोलण्याचे म्हणावे तर, सूर उंचावून, स्वर लांबवून बोललेले बाळे अधिक लक्ष देऊन ऐकतात. व्हिडिओंबाबत पॅट्रिशिया कूल यांचा 2003 सालचा प्रयोग पुरेसा आहे: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतील ध्वनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ओळखता येऊ लागले, आणि तेच पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच पदरी पडले नाही.

राहता राहिले पूर्वज. बाळाला मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा उपदेश जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1928 साली केला होता. आमच्या आजीच्या मांडीवर सहा नातवंडे वाढली. सकाळी तिने कोणाशी हस्तांदोलन केल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.