अर्धं सुवर्ण कसलं?

टोकियो ऑलिंपिकमधलं इटलीच्या तांबेरीचं उंच उडीतलं पदक म्हणजे ‘बार्शिमशी वाटून घेतलेलं अर्धं सुवर्ण’, हे लेखातलं वाक्य आणि त्यातला ‘सेटिंग’चा सूर खटकला. तांबेरी आणि कतारचा बार्शिम, दोघंही २.३७ मीटरपर्यंत एकदाही चुकले नव्हते आणि २.३९ ला दोघंही तीनदा चुकले. मग बरोबरी तोडायची कशावर? जंप-ऑफ, म्हणजे बरोबरी तोडायला जादा उड्या, घ्यायचा की नाही हे नियमानेच खेळाडूंवर सोडलंय. दोन सुवर्णं देता येतील का, हे बार्शिमने तिथल्या तिथे पंचांना विचारलं, त्यात सेटिंग कसलं आलंय!

आणि २०१६ ची मोनॅकोची स्पर्धा लेखात नाहीच. तिथे तांबेरीने २.३९ चा इटालियन विक्रम केला, त्याच रात्री २.४१ ला जाताना डाव्या पायाचा घोटा गेला आणि रिओ ऑलिंपिक हुकलं. मी कॉलेजात उंच उडी मारायचो, १.७० च्या पुढे कधी गेलो नाही. टेक-ऑफचा, म्हणजे उडी घेण्याच्या पायाचा, घोटा एकदाच मुरगळला, पण नंतर वर्षभर शेवटच्या दोन पावलांत पाय आपोआप आखडायचा. तांबेरीने मात्र त्या घोट्याचं प्लास्टर जपून टोकियोच्या मैदानात आणलं, वर ‘२०२०’ खोडून ‘२०२१’ लिहिलेलं. बुडापेस्टचं २०२३ चं जगज्जेतेपद तर त्याने कुणाशी वाटून घेतलं नव्हतं ना?