रात्री वर काय फिरतंय, हे गावाला कोण सांगणार?

२०२४ च्या जून-जुलैत आमच्याकडे लोक नीट झोपत नव्हते. शिरूर तालुक्यात आमचा मळा आहे, गावठाणापासून दोन किलोमीटर आत, चारी बाजूंनी ऊस. बिबट्याची भीती आम्हाला नवी नाही. दिवस मावळला की शेळ्या आत घ्यायच्या, पोरांना अंगणात एकटं सोडायचं नाही, पाणी धरायला जाताना दोघांनी जायचं, हे अंगवळणी पडलंय. त्या वर्षी भीती वरून आली. रात्री दहा-अकराला लाल-हिरवा दिवा लुकलुकत यायचा, वस्तीवर थोडा वेळ थांबल्यासारखा वाटायचा आणि उसावरून पलीकडे निघून जायचा. मी पुण्यात असतो. आईचा फोन यायचा, आणि ती अगदी हळू आवाजात बोलायची, वरच्याला ऐकू जाईल अशा बेतानं. "आलंय रे. आज परत आलंय."

हे एकट्या आमच्या वस्तीचं नव्हतं. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, दौंड, तिकडे बीड आणि जालना, सगळीकडून तेच ऐकू येत होतं. मनोज जरांगेंच्या अंतरवाली सराटीवरच्या ड्रोनच्या घिरट्यांचा विषय तर पावसाळी अधिवेशनात निघाला. गावोगाव गस्ती सुरू झाल्या. पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्रभर बांधाबांधानं फिरायची. "आधी ड्रोन घरं हेरून जातो, मागून चोर येतात," हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर होता. मी त्या आठवड्यात पोलीस ठाण्याला फोन केला. पलीकडचा माणूस सज्जन होता, खरं तेच बोलला. म्हणाला, "सर, आम्हीपण वरच बघतोय."

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. ड्रोन कसा शोधतात हे मला फळ्यावर काढून दाखवता येतं. आणि माझ्या आईला तिच्या डोक्यावर काय आहे ते मी सांगू शकत नव्हतो.

त्याच दिवसांत माझ्या मावसभावावर वेळ आली. तो फवारणीचा ड्रोन चालवतो. दहा लिटरची टाकी, टेम्पोत बॅटऱ्यांचे संच आणि जनरेटर, असा त्याचा संसार. दुपारी वारा असतो, औषध उडून जातं, म्हणून तो संध्याकाळचं काम जास्त घेतो. शेजारच्या तालुक्यात शेवटचा एकर उरकून अंधार पडता पडता ड्रोन खाली घेत होता, तेवढ्यात तीस-चाळीस जण काठ्या घेऊन आले. रिमोट पायलटचं सर्टिफिकेट, ड्रोनचा नोंदणी क्रमांक, सगळं त्याच्या मोबाईलमध्ये होतं. ते बघायला कुणी थांबलंच नाही. शेतमालक धावत आला, त्यानं पोलीस पाटलांना बोलावलं, म्हणून हा सुटला. ड्रोनचे दोन आर्म मोडले, पाठीवर वळ उठले. तो म्हणाला, "दादा, मी पळालो असतो ना, तर मेलो असतो."

तो अतिशयोक्ती करत नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं होती ती. २०२५ च्या पावसाळ्यात पश्चिम उत्तर प्रदेशात ड्रोनची हीच भीती पसरली. मुझफ्फरनगर जिल्ह्यात कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून उडवणाऱ्या दोघांना पोलिसांनी पकडलं. आणि ऑक्टोबरमध्ये रायबरेलीत, ड्रोनवाल्या चोरांच्या अफवा चालू असताना, एका माणसाला चोर म्हणून मारून टाकलं. ड्रोन हवेत असो नसो, खाली माणूस मेला.

म्हणून ड्रोनविरोधी यंत्रणा म्हटलं की लोक लगेच "पाडायचं कसं?" विचारतात, तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. आधी ओळखायचं कसं ते बोलू. सगळं तिथंच अडलेलं आहे.

लहान ड्रोन रडारला दिसतो कसा, हेच बघा. विमानासाठी केलेल्या रडारला तो जवळजवळ दिसत नाही. प्लॅस्टिकचं छोटं अंग, खालून उडणारा, वेग कमी. आकारानं आणि वेगानं तो घारी-बगळ्यांतच मोडतो, आणि पक्षी पडद्यावर येऊ नयेत म्हणून रडार अशा खुणा मुद्दाम गाळून टाकतं. मग पक्षी आणि ड्रोन वेगळे कसे करायचे? एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढं गेली की उतरतो, हे सगळ्यांनी ऐकलंय. रडारच्या लहरींचंही तसंच होतं. ड्रोनचं अंग एका वेगानं चाललेलं असतं, पण त्याचे पंखे प्रचंड वेगानं फिरत असतात, त्यामुळे परत येणाऱ्या लहरीत एक बारीक थरथर उमटते. पक्ष्याच्या पंखांची फडफड वेगळी, संथ. ही थरथर वाचणारी छोटी रडारं आता आहेत. मी वर्गात हे शिकवतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

दुसरी पद्धत कान लावायची. बहुतेक ड्रोन आणि त्याचा रिमोट २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर एकमेकांशी बोलत असतात. ड्रोन खाली व्हिडिओ पाठवत असतो. दोन-तीन ठिकाणी रिसीव्हर ठेवले तर हे बोलणं कुठून येतंय ते काढता येतं, आणि चालवणारा कुठं उभा आहे हेसुद्धा. पण आधीच मार्ग भरून, जीपीएसवर सोडलेला ड्रोन गप्प राहू शकतो. मग कॅमेरे लागतात, रात्रीसाठी उष्णता टिपणारे. कुठलंही एक साधन पुरत नाही, तीन-चार एकमेकांना जोडावी लागतात.

आणि मायक्रोफोन. मला सगळ्यात जास्त याचं कौतुक आहे. युक्रेननं देशभर खांबांवर सुमारे १०,००० साधे मायक्रोफोन बसवले, एकेकाला चारशे-पाचशे डॉलर खर्च. रशिया सोडत असलेल्या शाहेद या हल्ल्याच्या ड्रोनच्या इंजिनाची घरघर एका खांबानं ऐकली, मग पुढच्यानं, की त्याची वाट नकाशावर उमटते. हवेतला हल्ला पाडणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र सुमारे ४० लाख डॉलरचं असतं, शाहेद त्याच्या मानानं कवडीमोल. तेव्हा ऐकण्याचं स्वस्त जाळं किती कामाचं, हे तिथल्या लोकांनी जिवावर बेतल्यावर शोधून काढलं.

आता पाडण्याबद्दल. सैन्याची गोष्ट वेगळी आणि मला त्याचा अभिमान आहे. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून दोन स्फोटकं टाकली गेली, पाच-सहा मिनिटांच्या अंतरानं. देशात लष्करी तळावरचा असा तो पहिलाच हल्ला. चारच वर्षांनी, ८-९ मे २०२५ च्या रात्री, लेहपासून गुजरातच्या सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानकडून ३०० ते ४०० ड्रोन आले, असं आपल्या सैन्यानं सांगितलं. त्यांच्याशी लढण्यात जुन्या एल-७० तोफांचाही मोठा वाटा होता. चाळीस मिलिमीटरची ही तोफ मूळची स्वीडनची, अनेक वर्षांपासून आपल्याकडे आहे. तिला नवी रडारं आणि कॅमेरे जोडून भारत इलेक्ट्रॉनिक्सनं पुन्हा तरणी केली. डीआरडीओची डी-४ यंत्रणा शोधते, सिग्नल तोडते, लेझरनं जाळते. १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची चाचणी झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात ओडिशातल्या गोपाळपूरच्या किनाऱ्यावर 'भार्गवास्त्र'ची छोटी रॉकेटं डागली गेली, ड्रोनचा थवाच्या थवा उतरवण्यासाठी. ते आपल्या नागपूरच्या कंपनीचं आहे. पंजाबच्या सीमेवर बीएसएफनं एकट्या २०२४ मध्ये २९४ ड्रोन पकडले, त्यातले बरेचसे हेरॉइनची पाकिटं टाकायला येणारे.

पण यातलं काहीही उचलून गावात आणता येत नाही. गोळी वर गेली की खाली येते. ड्रोन पडला तर कुणाच्या तरी पत्र्यावर पडतो, आणि फवारणीच्या ड्रोनमध्ये औषध असतं. मे २०२५ मध्येच पंजाबच्या फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन कोसळून घरातली माणसं भाजली. ती सीमा होती, तिथं युद्धाची वेळ होती. आपल्या गावठाणावर ही वेळ आपण आपल्या हातानं का आणायची?

जॅमरबद्दल मला दोन-तीन सरपंचांनी विचारलंय, "सर, ऑनलाईन मिळतो म्हणे, घेऊ का?" कृपा करून घेऊ नका. सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर वापरणं हा गुन्हा आहे. आणि सिग्नल तुटला की ड्रोन शहाण्यासारखा जमिनीवर बसेलच असं नाही. कुठला ड्रोन निघाला तिथं परत जातो, कुठला जागीच उतरतो, कुठला वाऱ्यावर वाहत जातो. शिवाय त्याच लहरींवर तुमचं वायफाय चालतं, जीपीएस दाबलात तर वरून जाणाऱ्या विमानालाही त्रास. एवढं करूनही युक्रेनच्या लढाईत आता कित्येक ड्रोन मागे काचतंतूचा (ऑप्टिकल फायबरचा) बारीक दोरा सोडत उडतात, किलोमीटरच्या किलोमीटर. त्यांना रेडिओ लागतच नाही, जॅमर काय करणार? तिथं रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणून माणसं जीव वाचवतायत.

लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. डिसेंबर २०१८, नाताळाची गर्दी. ड्रोन दिसल्याचे निरोप येत राहिले, सुमारे १,००० उड्डाणांना फटका बसला, १,४०,००० प्रवासी अडकले. एका जोडप्याला पकडलं आणि काही आरोप न ठेवता सोडून द्यावं लागलं. खरा गुन्हेगार कधीच सापडला नाही. नंतर पोलिसांच्या प्रमुखांनीच मान्य केलं की लोकांना दिसलेल्या ड्रोनांपैकी काही पोलिसांचेच असू शकतील. इतका मोठा विमानतळ, इतका श्रीमंत देश, आणि वर जे फिरतंय ते कुणाचं हे सांगायला साधन नव्हतं. मग आमची गस्तीवरची पोरं बावचळली तर त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्याकडे काठी होती, माहिती नव्हती.

आपल्याकडे कायदा आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. ग्रीन, यलो, रेड असे झोन ठरले. ग्रीनमध्ये साधारण ४०० फुटांपर्यंत मोकळीक. प्रत्येक ड्रोनला ओळख क्रमांक. त्याच नियमांत असंही लिहिलंय की ड्रोनमध्ये आपली जागा सतत कळवणारा बीकन, परवानगीशिवाय उडूच नये अशी सोय आणि नकाशावरचं कुंपण, हे सरकार पुढे अधिसूचना काढून सक्तीचं करू शकेल, आणि लोकांना तयारीला किमान सहा महिने देईल. तो 'पुढे' कधी येणार, असा माझा प्रश्न आहे. अमेरिकेत मार्च २०२४ पासून ड्रोनची ही हवेतली नंबर प्लेट नसेल तर कारवाई होते. आसपासचा ड्रोन वायफाय किंवा ब्लूटूथवरून आपला क्रमांक आणि जागा सांगत राहतो, साध्या मोबाईलवर वाचता येतं.

"चोर ती बंद करेल की," असं लगेच कुणी म्हणेल. करेलच. पण सर्व्हेवाला, फवारणीवाला, लग्नाचं शूटिंग करणारा, पोलिसांचा स्वतःचा, हे सगळे ओळखू आले की उरतील ते थोडे. त्या थोड्यांच्या मागं पोलिसांना खरोखर लागता येईल. आज शंभरातले शंभर संशयित आहेत, आणि त्यात माझा मावसभाऊ पहिला. फक्त एक गोष्ट अमेरिकेसारखी करू नये: चालवणारा कुठं उभा आहे हे तिथं कुणालाही दिसतं. आपल्याकडे ते पोलिसांनाच दिसू द्या. लोकांना क्रमांक आणि कामाचं कारण कळलं तरी पुरे. नाहीतर जमावाच्या हातात आपण पत्ताच दिला.

आणि निरोप पोचवायचं साधन आपल्याकडे आधीच आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणा. पुणे, नगर, नाशिककडच्या लोकांना माहीत आहे: टोल फ्री नंबरवर फोन करायचा, आपल्या आवाजातला निरोप गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फोन होऊन वाजतो. बिबट्या आला, आग लागली, चोर आले, यासाठी आपण ती वापरतो. तिच्यावरून "आज रात्री अमुक शिवारात मोजणीचा ड्रोन उडणार आहे, घाबरू नका" एवढं सांगायला काय हरकत आहे? गावठाणाची ड्रोननं मोजणी करायचा पहिला प्रयोग आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, पुढे ती देशाची स्वामित्व योजना झाली. मोजणीत पुढे राहिलेल्या जिल्ह्याला सांगण्यात मागे राहायचं कारण नाही. नाशिकला सिंहस्थासाठी ड्रोनविरोधी यंत्रणा उभी राहील, राहायलाच हवी, तिथं लाखो माणसं असतील. पर्वणी झाल्यावर त्यातले रिसीव्हर आणि रडारं गोदामात ठेवू नका. जिल्हा पोलिसांकडे फिरत्या गाडीत द्या. जिथून फोन येतील त्या तालुक्यात ती गाडी आठवडाभर उभी करा.

आमच्या ग्रामसभेत मी हे मांडलं. तीन मागण्या लिहून नेल्या होत्या. आमच्या शिवारात संध्याकाळनंतर ड्रोन उडवणाऱ्यानं, मग तो सरकारी असो की खासगी, आदल्या दिवशी पोलीस पाटलांकडे नोंद द्यावी. ती नोंद ग्रामसुरक्षा यंत्रणेवरून सगळ्यांना कळावी. आणि नोंद नसलेला ड्रोन दिसला तर दगड न मारता वेळ, दिशा आणि मोबाईलवरचा व्हिडिओ ठाण्यात पाठवावा. तात्या, माझे चुलते, गस्तीत सगळ्यात पुढे असायचे. ते उठून म्हणाले, चौथी घाल, फवारणीवाल्याला कुणी हात लावला तर गाव त्याच्या बाजूनं उभं राहणार नाही. घातली. ठराव मंजूर झाला. प्रत तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात दिली आहे, पोच घेतली आहे. ज्यांना आपल्या ग्रामसभेत मांडायचा असेल त्यांनी मेसेज करा, मसुदा पाठवतो.