बत्तीस मारू का पस्तीस?

नवी गाडी आली. हार झाला, नारळ झाला, चाकांखाली लिंबं चिरडून झाली. शोरूमपासून घरापर्यंत मात्र पुण्यातला एकेक खड्डा थेट मणक्यात येऊन भेटत होता. बायको म्हणाली, "नव्या गाडीत असंच उडायला होतं का?" मी म्हणालो, "सस्पेन्शन बसायला वेळ लागतो." सस्पेन्शन बसतं म्हणजे कुठे बसतं, हे तिनं विचारलं नाही. तेवढंच बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये शेजारचे काका आले. गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि चपलेच्या टोकानं पुढच्या चाकाला एक लाथ हाणली. मग डोळे मिटून, तबल्याला थाप मारल्यावर ऐकावं तसा तो आवाज ऐकला. "कमी आहे. हवा भरून घे."

किती भरायची, हे विचारायची चूक मी केली. मेहुणा म्हणाला, "पस्तीस. तू हायवेला जाणार ना?" ऑफिसातला एकजण म्हणाला, "तीस. उन्हाळ्यात तापून आपोआप पस्तीस होते." शोरूमच्या पोराला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, बत्तीस ते छत्तीस कुठेही ठेवा." इतका मोकळेपणा त्यानं किंमत ठरवताना दाखवला नव्हता. शेवटी म्हटलं, टायरलाच विचारू. गुडघे टेकून, मान वाकडी करून बाजूवरची बारीक अक्षरं वाचली, तर तिथे ५१! नशीब, पंपावर जाऊन ५१ सांगितलं नाही. तो आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती दाब सोसू शकतो, ती मर्यादा. लिफ्टमध्ये लिहिलेली माणसं रोज भरायची नसतात, तसंच हे.

पंपावर हवेच्या मशीनपाशी एक मुलगा होता. त्याच्या जगात दोनच आकडे. "बत्तीस मारू का पस्तीस?" मी काही बोलायच्या आत त्यानं वाल्व्हचं टोपण काढून नळी लावली, आणि पडद्यावर उमटलं ४५. काकांची 'कमी' ती हीच. मुलगा जराही दचकला नाही. "नवी गाडी आहे ना," म्हणाला. गाड्या महिनोन्महिने यार्डात एकाच जागी उभ्या असतात, ट्रेलरवरून येतात. टायर एका बाजूनं दबून बसू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते. गाडी ताब्यात देण्याआधी ती काढायची असते. काढल्याची खूण माझ्या कागदावर होती. हवा टायरात होती. माझं सस्पेन्शन बिचारं निर्दोष होतं.

खरा आकडा मला पंपावरच सापडला, तोही पाकीट खाली पडलं म्हणून. ड्रायव्हरचं दार उघडलं की मधल्या खांबावर खाली एक पांढरं स्टिकर असतं: २३० केपीए, म्हणजेच पंपावरच्या भाषेत ३३ पीएसआय, पाच माणसं आणि सामान असेल तर मागे ३६. दोन दिवस मी ज्याच्यासाठी गावभर फोन केले, ते उत्तर माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर होतं. मी ऐटीत म्हणालो, "तेहतीस." मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "तेहतीस कोण मारतं?"

शेजारीच नायट्रोजनची पाटी होती. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच, तेव्हा पैसे उरलेल्या बावीस टक्क्यांचेच घेणार का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

घरी येऊन पहिल्यांदाच गाडीचं पुस्तक उघडलं, आणि पुन्हा पंचाईत. स्टिकरवरचा आकडा म्हणे थंड टायरचा. गाडी निदान तीन तास उभी असायला हवी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंप माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. म्हणजे टायर थंड असतो तिथे हवा नाही, आणि हवा आहे तिथे टायर गरम. त्यातून तापमान साडेपाच अंशांनी चढलं-उतरलं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरात पुण्यात पहाटे बारा आणि दुपारी तीस अंश असतात. म्हणजे घरबसल्या तीन पीएसआय!

म्हणून पायानं दाबायचा पंप आणि हातातलं गेज घेऊन आलो. रविवारी पहाटे सहाला, कानटोपी घालून, मोबाईलची बॅटरी दातांत धरून पार्किंगमध्ये उकिडवा बसलो. गेज लावलं की फुस्स. जरा तिरकं लागलं की मोठं फुस्स. मोजायला गेलो ३४, मोजून होईतो ३२. मग पंप. वीस दणके, ३३.५. पुन्हा फुस्स, ३२.५. दूधवाला दोनदा येऊन गेला. वॉचमननं लांबूनच विचारलं, "साहेब, चावी आत राहिली का?" साडेसातला चारही चाकं ३३ वर आली आणि मी कमरेवर हात ठेवून, न सरळ होता, उभा राहिलो.

तेवढ्यात काका फिरायला निघाले. थांबले. लाथ मारली. "कमी आहे."

"काका, तेहतीस आहे. मोजलीय."

"खाली फुगलंय ते दिसत नाही का?"

हल्लीचा रेडियल टायर बरोबर हवा असतानाही तळाशी थोडा फुगलेला दिसतो, हे मी सांगितलं. त्यांची नजर जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात तयार झालेली, तिला ते पटेना. मी म्हटलं, "चला, तुमच्या गाडीची बघू." त्यांनी अभिमानानं आपलं चाक दाखवलं आणि आधी एक लाथ मारून "एकदम करेक्ट," असं जाहीरही केलं.

गेज लावलं. १९.

काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं, कानाशी धरून हलवून पाहिलं.

"केवढ्याला घेतलंस?"

"साडेतीनशे."

"परत कर," ते म्हणाले. "बिघडलंय."